स्केचिंगसाठी फाउंटन पेन : शाई कोणती भरावी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पेन्सिल सोडून सध्या फाउंटन पेनने स्केचिंग करून पाहतेय आणि रेष फारच आवडतेय! जोर न देता नुसतं टेकवलं तरी रेघ उमटते, निब उलटी धरली की आणखी बारीक. अडचण शाईची आहे. साध्या शाईवर जलरंगाचा ब्रश फिरवला की रेघा विरघळून पसरतात. इंडिया इंक या पक्क्या काळ्या शाईतल्या शेलॅकने (लाखेने) फीड, म्हणजे निबला शाई पुरवणारा भाग, बंद होतो, त्यामुळे ती नको. प्लॅटिनम कंपनीच्या कार्बन ब्लॅकसारखी पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली, वाळल्यावर पाण्याने न पसरणारी) कुणी नेहमी वापरतं का? पेन किती दिवसांनी धुता? आणि वाकड्या टोकाची फुदे निब नवशिकीला जमेल, की आधी बारीक निबवरच हात बसवू?