प्रति: डबलबारीत (दोन बुवांच्या भजनी सामन्यात) पखवाज छातीत का घुमतो?

वर विचारलंय की सूर जुळला की अंगभर घुमतं, ही प्राणशक्तीच ना? तिला ते नाव द्यायला माझी हरकत नाही, पण ती जागते अनुनादाने, म्हणजे एकाच्या कंपाने दुसरं कंपू लागल्याने. धुमेचे (पखवाजाच्या जाड आवाजाच्या बाजूचे) संथ कंप छातीच्या पोकळीत जाणवतात.

भाद्रपदात कोकणची हवा ओली. कातडं दमट होऊन सैलावतं, सूर उतरतो. म्हणून आधी शाईची बाजू (काळा लेप असलेलं तोंड) पेटीच्या षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, लावा. गजऱ्यावर (तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) वरून हलके ठोके दिले की सूर चढतो, खालून दिले की उतरतो. समोरासमोरची घरं (गजऱ्यावरच्या चामडी पट्ट्यांमधल्या जागा) आलटून पालटून ठोका, नाहीतर प्रत्येक घर वेगळं बोलतं. फरक मोठा असेल तर पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे सरकवा. सूर जवळ आला की आवाजात लहर येते: सेकंदाला 2 लहरी म्हणजे 2 हर्ट्झचा फरक. लहर थांबली, सूर मिळाला.

मग धुमेवर मधोमध ओली कणीक. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी पडली तर धूम चढी आणि कोरडी वाजते. भजनानंतर ती खरवडून काढाच. शेगडीवर पखवाज शेकू नका, शाईला तडे जातात.

तपासायला शेजारी त्याच षड्जाला लावलेला तंबोरा ठेवा, तारेवर कागदाचा कपटा. शाईवर थाप मारा; कपटा थरथरला पाहिजे.