जिभेची मागणी की पोटाची?
चॉकलेट खावंसं वाटलं म्हणजे शरीरात मॅग्नेशियम हे खनिज कमी पडतंय, असं काहीजण म्हणतात; ते काही पटलं नाही. तसं असतं तर पालकासाठी किंवा भोपळ्याच्या बियांसाठीही जीव कासावीस झाला असता, त्यांतही ते भरपूर असतं! अपवाद एक: सारखा बर्फ चावावासा वाटत असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. बाकी बहुतेकदा सवय, कंटाळा नाहीतर जागरण. झोप अपुरी झाली की भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढू शकतं, मग रात्री फ्रिज उघडला जातोच. अशा वेळी साधं जेवण चालणार असेल तर ती भूक, सरळ जेवा. पण चॉकलेटच हवं असेल तर वाटीत थोडं काढून, मोबाइल बाजूला ठेवून चवीने खा. अख्खं पाकीट घेऊन बसलात की ते संपलंच समजा.