अमेरिकी स्वातंत्र्यलढ्यातलं कुठलं पत्रक वाचू? (बजेट ३०० रु.)

दुपारचा_चहा: वाचनकट्ट्यावर या विषयावर अर्धा तास बोलायचंय. एकच पत्रक सुचवा. बजेट ३००, इंग्रजी यथातथाच.

खडू_फळा: विचारायचं काय त्यात? टॉमस पेन, 'कॉमन सेन्स', फिलाडेल्फिया, जानेवारी १७७६. पन्नासच्या आत पानं. तोवर लोक ब्रिटिश पार्लमेंटला शिव्या घालायचे आणि दाद राजाकडेच मागायचे. याने थेट राजेशाहीवर घाव घातला.

सह्याद्री_७२: +१ कॉमन सेन्स. पण आधी इतिहासकार बर्नार्ड बेलिनचं पुस्तक घ्याच. मी हार्डकव्हर घेतलं, अडीच हजार गेले, कपाटात काय दिसतं म्हणून सांगू!

दुपारचा_चहा: ३०० हो, ३००.

आकडेमोड: पाच लाख प्रती खपल्या असं आता कुणीतरी लिहीलच. वसाहतींची लोकसंख्याच गुलाम धरून पंचवीस लाखांच्या आसपास. तीन महिन्यांत १,२०,००० हा आकडाही खुद्द पेनचा. काय समजायचं ते समजा.

खडू_फळा: एक वाचायचा, दहा ऐकायचे. ते कसे मोजणार?

जुनी_वही: पेनच हवा तर 'राइट्स ऑफ मॅन'. जोतीराव फुल्यांनी वाचलेलं.

आकडेमोड: ते १७९१ चं, फ्रेंच क्रांतीवरचं. धागा अमेरिकेचा आहे.

जुनी_वही: 'गुलामगिरी' कुठल्या देशाच्या लोकांना अर्पण केलीय ते बघा, मग धागा शिकवा.

रद्दीत_रमलेला: मी पेन ऑनलाइन मागवला, अक्षर मुंगीएवढं, मधली पानं दोनदा. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर फुकट आहे, पैसे घालवू नका.

किनारपट्टी: पेन पेन काय लावलंय? डिकिन्सनची 'शेतकऱ्याची पत्रं' वाचा, १७६७-६८, एकूण बारा. काच, कागद, चहावरच्या जकातीविरुद्ध. शेतकरी कसला, पेशाने वकील! स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र केलीच नाही.

आकडेमोड: 'कॉमन सेन्स'चा छापखानेवाला रॉबर्ट बेल विसरलात. पेनने नफ्यातला आपला वाटा कॅनडात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या हातमोज्यांसाठी ठेवलेला. बेल म्हणाला, नफाच नाही. पेन ब्रॅडफर्ड या दुसऱ्या छापखानेवाल्याकडे गेला, आवृत्ती निम्म्या किमतीत आली. आणि बेलने पेनला उत्तर देणारं 'प्लेन ट्रुथ'ही छापलं. धंदा आहे.

दुपारचा_चहा: ते आत्ता चाळलं. जेम्स चाल्मर्स, राजनिष्ठ. अर्पण डिकिन्सनला, आणि शेवटी म्हणतो स्वातंत्र्य आणि गुलामी एकच. हेच घेते, पेनवर कुणीही बोलेल. झेरॉक्स काढून उरलेल्यात कट्ट्याला वडापाव.

खडू_फळा: हरलेल्यांचं पत्रक? मग विचारलंत कशाला?

सह्याद्री_७२: पुण्यात असाल तर बेलिन वाचायला देतो. परत द्या मात्र.