मदत हवी आहे: फेलओव्हर क्लस्टरमध्ये एक व्हीएम हलवलं की बाकीची पण हलतात, शेअर्ड स्टोरेज नक्की कसं वाटायचं?

काटा_आणि_गव्हाण

नमस्कार मंडळी, मी एका साखर कारखान्यात आयटी बघतो, आम्ही दोघंच आहोत. सेटअप असा आहे की दोन सर्व्हर, विंडोज सर्व्हर 2019, त्यावर हायपर-व्ही फेलओव्हर क्लस्टर (म्हणजे व्हीएम, व्हर्च्युअल मशीन, दोन्ही सर्व्हरवर चालू शकतात, एक पडला तर दुसरा उचलतो), मागे एक सॅन म्हणजे सामायिक स्टोरेज बॉक्स, 10 गिगाबिटच्या स्विचवरून आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) जोडलेला, वापरायला साधारण 10 टीबी जागा. ज्यांनी बसवून दिलं त्यांनी 4 टीबीचा एकच लन (सॅनमधून कापून दिलेली डिस्क) काढला, तो क्लस्टरमध्ये डिस्क म्हणून घेतला, त्याला ई ड्राइव्ह दिली आणि तिन्ही व्हीएम त्यात टाकली. वजनकाट्याचं 120 जीबी, ईआरपी (कारखान्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या एसक्यूएल डेटाबेसचं 1.4 टीबी, फाइल सर्व्हर 800 जीबी.

गेल्या हंगामात एका नोडला, म्हणजे क्लस्टरमधल्या एका सर्व्हरला, पॅच मारायचा होता म्हणून रात्री फक्त फाइल सर्व्हर दुसऱ्या नोडवर हलवला, तर काटा आणि ईआरपी पण त्याच्या मागोमाग गेले. लाइव्ह मायग्रेशन (व्हीएम चालू ठेवूनच हलवणं) होईना म्हणून क्विक मायग्रेशन (सेव्ह करून, हलवून परत चालू करणं) केलं होतं, त्यात तिन्ही सेव्ह झाली आणि सात-आठ मिनिटं काटा बंद. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, ऊस भरून आलेले ड्रायव्हर दिवसभराचे दमलेले, काट्यावरचा पोरगा मला फोनवर विचारतोय की साहेब वजन पडद्यावर दिसतंय पण पावती निघत नाही, हाताने लिहू का. ते परत होऊ द्यायचं नाहीये. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन आहे, त्याच्या आत हे नीट करायचंय.

माझे प्रश्न: प्रत्येक व्हीएमला वेगळा लन द्यायचा की एकच मोठा ठेवायचा? व्हीएमच्या सेटिंगमध्ये स्कझी कंट्रोलरखाली शेअर्ड ड्राइव्ह असं एक ऑप्शन दिसतं, स्टोरेज शेअर्ड आहे तर ते घ्यायचं का? आणि आहे त्या ई ड्राइव्हवरून डेटा न गमावता कसं बाहेर पडायचं? कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

रात्रपाळी_ठाणे

दादा, एक गोष्ट आधी बघून सांगा. फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमध्ये डिस्क्स उघडा, त्या ई ड्राइव्हसमोर असाइन्ड टू मध्ये काय लिहिलंय? क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम लिहिलंय का एखाद्या व्हीएमचं नाव?

काटा_आणि_गव्हाण

काट्याच्या व्हीएमचं नाव आहे. आणि रोल्समध्ये (क्लस्टर जे एकत्र सांभाळतो आणि हलवतो त्याचा गट) पण एकच रोल दिसतो, त्याच्या आत खाली तिन्ही व्हीएम.

रात्रपाळी_ठाणे

मग दुखणं तिथेच आहे. तुमची ई ही साधी क्लस्टर डिस्क आहे. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम, दोन मशीननी एकदम माउंट करून लिहायला लागली तर डेटाची वाट लागते, म्हणून क्लस्टर अशी डिस्क एका वेळी एकाच नोडच्या ताब्यात देतो. डिस्क पलीकडे गेली की तिच्यावरचं सगळं पलीकडे जाणारच, तिन्ही व्हीएम एका गाठोड्यात बांधलेली आहेत. पूर्वी यावर उपाय म्हणून लोक दर व्हीएमला एक लन द्यायचे. 2008 आर2 पासून सीएसव्ही म्हणजे क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम आला आणि ती गरज संपली. सीएसव्ही केलेला लन सगळ्या नोडना सी ड्राइव्हच्या क्लस्टरस्टोरेज फोल्डरमध्ये एकाच पाथवर दिसतो, सगळे नोड एकदम त्यावर लिहू शकतात, एक नोड फक्त कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या व्हॉल्यूमचा हिशेब ठेवणारा, असतो. व्हीएम हलवलं तर फक्त व्हीएम हलतं, डिस्क जागेवर.

तुम्हाला मी म्हणेन दोन नोड आहेत तर दोन सीएसव्ही करा, म्हणजे एकेकाचा कोऑर्डिनेटर एकेक नोड राहील. दोन्ही 2 टीबीचे, एकावर ईआरपी, दुसऱ्यावर काटा आणि फाइल सर्व्हर. दोन्हीवर थोडी जागा मोकळी राहते आणि ती राहिलीच पाहिजे, कारण बॅकअपचा चेकपॉइंट (व्हीएमची त्या क्षणाची प्रत) अडकला की त्यानंतरचे बदल साठवणारी एव्हीएचडीएक्स फाइल गुपचूप वाढत जाते आणि व्हॉल्यूम भरला की हायपर-व्ही व्हीएमला पॉज्ड-क्रिटिकल करून थांबवतो.

फॉरमॅट एनटीएफएसच करा. रीएफएस ही विंडोजची दुसरी फाइल सिस्टिम नवीन आहे म्हणून मोह होतो, पण सॅनवरच्या सीएसव्हीला रीएफएस केलं की तो कायम रीडायरेक्टेड मोडमध्ये चालतो, म्हणजे दुसऱ्या नोडचं सगळं लिखाण नेटवर्कवरून कोऑर्डिनेटरमार्फत जातं.

मनीषा_सर्व्हररूम

शेअर्ड ड्राइव्हचं ऑप्शन अजिबात घेऊ नका. ते व्हीएमच्या आत क्लस्टर करायचा असेल त्यासाठी आहे, म्हणजे दोन एसक्यूएल व्हीएमना एकच डेटा डिस्क हवी असते तेव्हा. 2012 आर2 मध्ये ते शेअर्ड व्हीएचडीएक्स (व्हीएचडीएक्स म्हणजे व्हीएमच्या डिस्कची फाइल) म्हणून आलं, 2016 पासून त्याच कामाला व्हीएचडी सेट आहे. तुमच्याकडे प्रत्येक डिस्क एकाच व्हीएमची आहे, साधी व्हीएचडीएक्स पुरते.

नवीन लन काढताना सॅनवर दोन्ही नोडच्या इनिशिएटरला (नोडवरून सॅनला जोडणाऱ्या भागाला) परवानगी द्या, बऱ्याचदा एकालाच देतात आणि मग क्लस्टरला डिस्क दिसत नाही. एमपीआयओचे, म्हणजे सॅनकडे जाणाऱ्या एकाहून जास्त वाटांचे, दोन्ही पाथ दोन्ही नोडवर दिसतात ना तेही बघा. ऑनलाइन करून फॉरमॅट मात्र एकाच नोडवर. आणि सॅनवर थिन प्रोव्हिजनिंग (जागा आधी न राखता वापराप्रमाणे देणं) असेल तर लनची बेरीज पूलपेक्षा, म्हणजे सॅनच्या खऱ्या जागेपेक्षा, जास्त होऊ देऊ नका. पूल भरला तर विंडोजला जागा दिसत असते आणि खाली लन ऑफलाइन जातो, मी हे एकदा भोगलंय.

विटनेस डिस्क (दोन नोडचा संपर्क तुटला तर कोण चालू राहणार ते ठरवायला तिसरं मत देणारी) आहे का? नसेल तर 1 जीबीचा वेगळा लन द्या, त्याला सीएसव्ही करायचं नाही.

काटा_आणि_गव्हाण

ताई, विटनेस आहे, 1 जीबीचाच. बेरीज पण बसते, जुना 4 आणि नवीन दोन मिळून 8 टीबी. आता हलवायचं कसं? व्हीएचडीएक्स कॉपी-पेस्ट करू का?

रात्रपाळी_ठाणे

कॉपी-पेस्ट नको. आधी ताजा बॅकअप आणि तो रिस्टोअर होतोय याची खात्री, मगच पुढे. क्लस्टर मॅनेजरमधूनच, हायपर-व्ही मॅनेजरमधून नाही, व्हीएमवर राइट क्लिक, मूव्ह, व्हर्च्युअल मशीन स्टोरेज. डिस्कबरोबर कॉन्फिगरेशन, चेकपॉइंट, स्मार्ट पेजिंग (मेमरी कमी पडली तर वापरायची फाइल) सगळं सीएसव्हीवर ओढा, एक जरी फाइल ई वर राहिली तरी ते व्हीएम ई ला बांधलेलंच राहतं. एकेक करून करा, आधी काटा कारण लहान आहे, ईआरपी रविवारी.

सगळं गेलं की तिन्ही व्हीएम नीट शटडाउन करा आणि तो जुना रोल रिमूव्ह करा. घाबरू नका, रोल काढल्याने व्हीएम डिलीट होत नाही, हायपर-व्ही मॅनेजरमध्ये असतं. मग कॉन्फिगर रोलमधून तिन्ही परत घ्या, आता तीन वेगळे रोल येतील. शेवटी पॉवरशेलमध्ये गेट-क्लस्टरशेअर्डव्हॉल्यूमस्टेट चालवा, दोन्ही नोडसमोर डायरेक्ट यायला हवं.

काटा_आणि_गव्हाण

अपडेट. काल रात्री काटा आणि फाइल सर्व्हर गेले, आज ईआरपी, त्याला मात्र जवळजवळ अख्खी दुपार लागली. काट्याची एक जुनी आयएसओ फाइल ई वर अडकली होती, डीव्हीडी ड्राइव्हमध्ये लावून ठेवलेली, ती काढली तेव्हा रोल सुटा झाला. आत्ता काटा लाइव्ह मायग्रेट केला, शेजारी पिंग चालू ठेवला होता, एकच पॅकेट चुकलं आणि ईआरपी जागचा हलला नाही! दोघांचे मनापासून आभार. ई रिकामी झालीय पण पंधरा दिवस तशीच ठेवतोय. मोळी पूजनाच्या आधी एका नोडची वायर काढून टेस्ट घेणार.

मनीषा_सर्व्हररूम

छान झालं. वायर काढाल तेव्हा लक्षात असू द्या, ते लाइव्ह मायग्रेशन नसतं, त्या नोडवरची व्हीएम दुसरीकडे बंद अवस्थेतून बूट होतात. काट्याचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होतं का आणि अर्धवट राहिलेली पावती परत उघडते का, ते काट्यावरच्या माणसाला शेजारी बसवून बघा.