बचत गटायचा माल ऑनलाइन विकाचा हाय, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

समुद्रपूरवाला:
राम राम मंडळी. वायगाव हळद आमच्याच तालुक्यातली, 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) भेटलं तिले. आजूबाजूच्या गावातले 9 बचत गट हायेत, कोणी हळद दळते, कोणी जवसाची चटणी करते, कोणी सरगुंडे-कुरड्या. सगळ्यायचा माल एकाच साइटवर टाकाचा, पण दुकान ज्याचं त्याचं अन् पैसे बी ज्याचे त्याले. सध्या व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतो अन् वहीत लिहितो, दिवाळीत दोन गटायच्या ऑर्डरी मिसळल्या अन् एका बाईचे पैसे महिनाभर अडकले, लय वाईट वाटलं मले. शॉपिफाय घेऊ का वूकॉमर्स? एक जण अॅप बनवून देतो म्हणून लय पैसे मागून राह्यला.

यवतमाळचा_कोडर:
भाऊ, अॅपवाल्याले आत्ताच काही देऊ नको. शॉपिफाय एका दुकानाले चांगलं, पण अनेक विक्रेते पाह्यजे असन त वरून वेगळं अॅप जोडा लागते, मंग दोन्हीकडे महिन्याचं भाडं. वूकॉमर्स वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवाचं सॉफ्टवेअर) फुकट बसते, होस्टिंग-डोमेनचा, म्हणजे साइटच्या जागेचा अन् नावाचा खर्च तेवढा लागते, त्यावर डोकान लाइट टाक, एका साइटवर अनेक दुकानं चालवाचं फुकट प्लगइन हाय ते. गिऱ्हाइकानं हळद अन् चटणी संगच घेतली त डोकान ऑर्डर फोडून ज्या त्या गटाले त्यायची त्यायची दाखवते, कमिशन कापून कोणाचे किती निघतात तेबी दिसते, तुझा दिवाळीचा घोळ तिथंच मिटला. फुकटच्या व्हर्जनमध्ये पैसे मात्र तुलेच बँकेतून पाठवा लागतीन. अन् दोन गावातून दोन पार्सल म्हणजे डाकखर्च दोनदा, हे आधी पाह्य, 200 रुपयाच्या चटणीत काय उरन?

चंद्रपूरची_ताई:
भाऊ, कागदाचं बी पाहा. दुसऱ्यायच्या मालाचे पैसे तुमच्या साइटनं घेतले की तुम्ही जीएसटीत ई-कॉमर्स ऑपरेटर, म्हणजे ऑनलाइन बाजार चालवणारे, उलाढाल कितीबी कमी असो नोंदणी लागते, अन् जीएसटीवाल्या विक्रेत्याचा टीसीएस (त्याच्या पैशातूनच कापून सरकारले भराचा कर) कापा लागते, 10 जुलै 2024 पासून 0.5 टक्का. ज्या गटाले जीएसटी नंबर नाई त्याले 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात विकता येते, पॅनवर एनरोलमेंट नंबर काढा लागते, पण असा गट साइटवरून हैदराबादले माल नाई पाठवू शकत. आमच्याकडे म्हणूनच उत्पादक कंपनी गटायकडून माल विकत घेते अन् स्वतःच्या नावानं विकते. साधं वूकॉमर्स, एकच जीएसटी नंबर, एकच डबा, अन् बायकायले माल देतानाच पैसे.

समुद्रपूरवाला:
काल बैठकीत विचारलं, सगळ्या म्हणे माल देला की पैसे भेटले त बरं. मंग एकाच दुकानापासून सुरू करतो. पण ताई, पाकिटावर गटाचं नाव राहीन ना? मेहनत त्यायची हाय.

चंद्रपूरची_ताई:
राहीन ना भाऊ. बनवणार म्हणून गटाचं नाव-पत्ता अन् एफएसएसएआय (खाद्यपदार्थाच्या परवान्याचा) नंबर, खाली विकणार म्हणून कंपनीचं. गटाचं नाव मोठ्या अक्षरात छापा.