मदत हवी आहे: जुन्या सिनेमाच्या पुस्तिका ऑनलाइन लिलावात कशा विकायच्या?

शिवाजीपेठकरीण

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर आता पाडायचं ठरलंय. सामान हलवताना माळ्यावर चुलत सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक सापडली. ते इथल्या एका थिएटरात डोअरकीपर होते आणि हाताला लागेल ते जपून ठेवायचे. ट्रंकेत सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिकांचे गठ्ठे आहेत, घड्या घातलेली पोस्टरं आहेत, ग्रामोफोनच्या जाड रेकॉर्डी आहेत, एक एचएमटी घड्याळ आहे आणि राणीछाप चांदीचे काही रुपयेही आहेत.

रद्दीवाला किलोच्या भावानं न्यायला तयार आहे. सासऱ्यांच्या ते जिवावर येतंय. त्यांच्या भावानं आयुष्यभर सांभाळलेलं असं मातीमोल जाऊ नये, आणि जो घेईल त्याला त्याची कदर असावी, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. दीर म्हणाले, ऑनलाइन लिलावात टाका. पण मी आजवर काहीच ऑनलाइन विकलेलं नाही.

सुरुवातीची बोली किती ठेवायची? ९९ रुपयांपासून ठेवली आणि ९९ लाच गेली तर? ईबे ही लिलावाची साइट भारतात बंद झाली ना? मग विकायचं कुठे? रेकॉर्डी न फुटता पाठवायच्या कशा? आणखी एक. राणीछाप रुपयाचा फोटो मी एका ग्रुपवर टाकला, तर लगेच एकाचा मेसेज आला की एका नाण्याचे लाखो रुपये देतो, फक्त आधी नोंदणीची फी भरा. सोबत रिझर्व्ह बँकेचं पत्रही पाठवलंय. हे खरं असेल का?

जुनापुराणा

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एक रुपयाही भरू नका, तो नंबर ब्लॉक करा. ते पत्र बनावट आहे. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या किंवा नोटांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी कुठलीही फी घेत नाही आणि तिनं कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं स्वतः तसा इशारा दिला होता. कुणी आधीच पैसे भरून बसलं असेल, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

ईबेचं म्हणाल तर ईबे डॉट इन ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. भारतातून आंतरराष्ट्रीय ईबेवर आजही विकता येतं, पण ती निर्यात असते. आयात-निर्यात कोड, कस्टमची कागदपत्रं, डॉलरमधले हिशोब, हे सगळं नवशिक्यानं पहिल्याच दमात अंगावर घेऊ नये. देशातल्या देशात संग्राहकांचे फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. तिथे फोटोखाली बोली लागते. सुरुवातीची किंमत, बोलीची पायरी (म्हणजे पुढची बोली किमान कितीनं वाढवायची) आणि बंद होण्याची वेळ विकणाऱ्यानं आधीच लिहायची असते. ग्रुपमध्ये शिरल्याबरोबर विकायला लागू नका. आधी थोडे दिवस नुसतं बघा. कोण वेळेवर पैसे देतं, कोण बोली लावून गायब होतं, ॲडमिन त्याचं काय करतो, हे सगळं तिथेच दिसतं.

आता भावाबद्दल. तुम्ही कोल्हापूरच्या आहात, मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितला असेल. घेणारे व्यापारी समोर उभे असतात म्हणून भाव चढतो. एकच व्यापारी उभा असेल तर उत्तम गूळही पडत्या भावात जातो. इथेही तसंच आहे. लिलावात भाव ठरवतो दुसरा माणूस. ईबेवर घेणारा आपली कमाल रक्कम आधीच भरून ठेवतो आणि साइट त्याची बोली दुसऱ्याच्या वर एक पायरी, एवढीच नेते. समजा एकानं २००० भरलेत आणि दुसऱ्याची तयारी ८०० ची आहे, तर वस्तू आठशेच्या थोडी वर जाते. दुसरा आलाच नाही तर तुमच्या सुरुवातीच्या किमतीला.

म्हणून ज्या वस्तूला गिऱ्हाइकं बरीच आहेत, ती कमी किमतीपासून सोडायला हरकत नाही. बोली लागत गेली की लोक जमतात. पण जिचं महत्त्व चार-दोन जणांनाच कळेल, ती ९९ ला सोडायची नाही. तिथे ज्याच्याखाली द्यायला मन धजणार नाही तोच आकडा सुरुवातीला ठेवा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायचीच नाही ती, लपवून ठेवायची सोय काही ठिकाणी असते, पण माझं मत विचाराल तर नव्या विक्रेत्यानं ती वापरू नये. लोक बोली लावतात, राखीव किंमत गाठली जात नाही आणि मग पुन्हा तुमच्याकडे फिरकत नाहीत.

भाव बघताना कोण किती मागतोय ते बघू नका, किती रुपयांना खरंच विकलं गेलं ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी चाळणी आहे. मागायला काय, कुणीही लाख मागतो.

पंचगंगा

वहिनी, ट्रंक कोल्हापूरची आहे म्हणून कळकळीनं लिहितोय. विकण्याआधी प्रत्येक पुस्तिका पान न् पान स्कॅन करा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं काम इथलं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. मूकपटांच्या काळातले आपले बहुतेक सिनेमे आज उपलब्धच नाहीत. अशा सिनेमाची पुस्तिका निघाली तर कथासार, नटांची नावं, फोटो, सगळं तिच्यातच उरलेलं असू शकतं. शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याची ओळ असते, ती बघा. १९३३ च्या आधीचं काही निघालं, तर ते लिलावात टाकण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. १९६४ पासूनची संस्था आहे, पोस्टरं आणि पुस्तिकाही जतन करते.

कायद्याचंही एक बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाची कागदपत्रं असतील, तर ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीचे रुपये परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचा विचारच नको. जुन्या पुस्तिकांसाठी कुणी बाहेरून विचारलं, तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा लागेल. तो मिळेपर्यंत माल देशातच विका.

शिवाजीपेठकरीण

दोघांचेही मनापासून आभार. नंबर ब्लॉक केला. सासऱ्यांना स्कॅनिंगची कल्पना फार आवडली, नातू कालपासून त्याच कामाला लागलाय.

नमुन्यादाखल एक पुस्तिका सांगते. १९४० च्या सुमाराची वाटते, मागे दोन आणे किंमत छापलीय. पिना गंजून मधल्या पानांवर तपकिरी डाग पडलेत. एका पानाचा कोपरा कसरीनं खाल्लाय. शेवटच्या पानावर काकांनी शाईच्या पेनानं कसलातरी हिशोब मांडलाय. डाग खोडरबरानं निघतील का? फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू का? आणि एचएमटी घड्याळाची डायल पिवळी पडलीय, महाद्वार रोडला दाखवून नवी टाकून घ्यावी म्हणते.

जुनापुराणा

ताई, यातलं काहीही करू नका! सेलोटेपचा गोंद थोड्याच वर्षांत कागद पिवळा करतो आणि मग निघता निघत नाही. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. डाग आहेत तसेच राहू द्या. घड्याळाची मूळ डायल पिवळी असली तरी संग्राहकाला तीच हवी असते. नव्यानं रंगवलेल्या डायलची एचएमटी बाजारात ढिगानं पडलीत. फक्त मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून आतल्या यंत्राचा फोटो तेवढा काढून घ्या.

फोटो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. पुढची बाजू, मागची बाजू, पिनांची जागा, कसरीचा कोपरा आणि छापखान्याची ओळ, एवढे फोटो हवेतच. शेजारी पट्टी ठेवा. पोस्टरं पूर्ण उलगडून काढा, घड्यांच्या रेषा दिसू देत. त्या काळी पोस्टरं थिएटरांना घडी घालूनच जायची, त्यामुळे जाणकाराला घडी बघून उलट खात्री पटते.

‘अतिदुर्मिळ’ असं कुठेही लिहू नका. शीर्षकात सिनेमाचं नाव, वर्ष, भाषा आणि ‘मूळ गाण्यांची पुस्तिका’ एवढंच. खाली असं लिहा: ‘सर्व पाने आहेत. पिना गंजलेल्या, मधल्या पानांवर गंजाचे डाग. एका पानाचा कोपरा कसरीने खाल्लेला, मजकूर शाबूत. शेवटच्या पानावर शाईने हिशोब लिहिलेला. दुरुस्ती केलेली नाही. कोल्हापुरातील चित्रपटगृहाच्या कर्मचाऱ्याच्या संग्रहातून.’ ते शेवटचं वाक्य विसरू नका. वस्तू कुठून आली हे कळलं की घेणाऱ्याचा विश्वास बसतो आणि काकांची नोंदही वस्तूबरोबर जाते. मजकूर खरंच शाबूत आहे ना, ते मात्र एकदा तपासा.

आधी साध्या पुस्तिका पाच-पाचचा गठ्ठा करून विका. पॅकिंग, पैसे, पोस्ट या सगळ्याचा हात बसू दे. भारी माल मागाहून. लिलाव रविवारी रात्री नऊ-दहाच्या सुमारास संपेल असा लावा. त्या दिवशी भारताची मॅच असेल तर पुढचा रविवार.

टपालवाला

पॅकिंगचं मी सांगतो. पोस्टर गुंडाळून हार्डवेअरच्या दुकानातल्या पीव्हीसी पाइपात घाला, आधी प्लास्टिकची पिशवी चढवा आणि दोन्ही टोकं बंद करा. पुस्तिकेच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असतात, वाकत नाहीत, सरळ तडकतात. प्रत्येक रेकॉर्डीच्या दोन्ही बाजूंना खोक्याचा जाड पुठ्ठा, मग लहान खोकं, ते मोठ्या खोक्यात, आणि मधे सगळीकडून चुरगळलेली वर्तमानपत्रं. हलवून बघा. आत काही हललं तर पुन्हा भरा. पॅकिंग करताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, वादाच्या वेळी तोच कामी येतो.

पैसे बँकेच्या खात्यात दिसल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही. स्क्रीनशॉटवर जाऊ नका. ‘मी लष्करात आहे, क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पोस्टाचा खर्च गिऱ्हाइकाकडे किती, हे बोली सुरू होण्याआधीच लिहा. रेकॉर्डी वजनाला भारी असतात, खोकं भरून आधी वजन करून घ्या आणि मगच आकडा टाका.