घरी बनवलेला पोगो पिनचा प्रोग्रॅमिंग कनेक्टर, कनेक्शन टिकतच नाही

पीसीबीवाली:
एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपवरचा छोटा बोर्ड आहे माझा, पाण्याच्या पंपाचा टायमर. एका खेपेला ४०-५० बोर्ड होतात. हेडरला (वायरी जोडायच्या पिनांच्या पट्टीला) जागा नाही म्हणून कडेला ओळीत ५ गोल पॅड (धातूचे उघडे ठिपके) ठेवलेत, २.५४ एमएमवर: ३.३ व्होल्ट, एसडब्ल्यूडीआयओ (डेटा), एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक), रिसेट, ग्राउंड. पी७५ पोगो पिना (स्प्रिंगवर दबणाऱ्या) आणल्या, झिरो पीसीबीत (नुसत्या भोकांच्या बोर्डात) उभ्या सोल्डर केल्या, मागून वायरी काढून चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या एसटी-लिंकच्या क्लोन (नकली) डोंगलला जोडल्या. पण दोन पिना दाबल्या की आतच अडकतात, वर येत नाहीत, आणि बाकीच्यांचं असं की हात जरासा हलला की फ्लॅशिंग (प्रोग्रॅम भरणं) मध्येच तुटतं. त्यात परवा घाईत उलटं टेकवलं आणि एक बोर्ड कायमचा गेला. फार जीव लावून बनवते हो हे बोर्ड, नीट मार्ग सांगा.

तांब्याची_तार:
ताई, अडकलेल्या दोन पिना बदलाच, त्यांच्यात बहुतेक सोल्डर शिरलंय. पोगोच्या नळीला थेट सोल्डर केलं की ते आत ओढलं जातं, नाहीतर उष्णतेने स्प्रिंगचा दम जातो. त्या पिनांसाठी वेगळं सॉकेट मिळतं, आर७५ म्हणून मागा, सोल्डर सॉकेटला करायचं आणि पिन नुसती आत सारायची, खराब झाली की ओढून दुसरी घालायची, काम संपलं.
दुसरं म्हणजे एकाच पीसीबीत पिना उभ्या केल्या तर त्या तिरक्या होणारच. एकसारख्या दोन पट्ट्या घ्या, मध्ये ५-६ एमएमचे स्पेसर टाका आणि सॉकेट दोन्ही पट्ट्यांच्या भोकांतून न्या, मग काटकोनात राहतात. आणि पिन तळापर्यंत दाबू नका, पूर्ण दाब अडीच एमएमच्या थोडा वर असतो, त्यातला दोन-तृतीयांश पुरे, तिथे अडेल असा आधार लावा.

स्टेन्सिल_आणि_मी:
वरचं सगळं पटलं, पण खरा कनेक्टर म्हणजे पिना नव्हेतच, बोर्ड जागच्या जागी धरणारी भोकं. टॅग-कनेक्ट कंपनीची ६ पिनांची केबल बघा, १.२७ एमएमवर पिना आणि शेजारी ३ भोकं, तीही अशी मांडलेली की उलटी बसूच शकत नाही. पुढच्या आवृत्तीत २ भोकं द्या, वेगवेगळ्या मापाची, आणि जिगवर (पिना धरणाऱ्या पट्ट्यांवर) पितळेच्या सळीच्या खुंट्या पोगोपेक्षा उंच ठेवा, म्हणजे आधी खुंटी भोकात जाईल आणि मगच पिना टेकतील. मी आधी खुंट्या पिनांएवढ्याच ठेवल्या होत्या, पिना पॅडवरून घसरत जायच्या आणि मास्कवर (बोर्डच्या रंगीत थरावर) चरे पडायचे.
पॅडचा क्रमही बदला. ग्राउंड मधोमध घ्या, ३.३ आणि रिसेट दोन टोकांना. उलटं टेकवलं तरी ग्राउंडवर ग्राउंडच येतं, पुरवठा आणि ग्राउंडची थेट गाठ पडत नाही. आणि बोर्डला स्वतःचा पुरवठा चालू असेल तर क्लोन डोंगलची ३.३ ची वायर जोडू नका, ते डोंगल तिथून व्होल्टेज बाहेर देतं.
शिवाय त्या पॅडवर सोल्डर पेस्ट येऊ देऊ नका, स्टेन्सिलच्या (पेस्ट लावायच्या भोकांच्या पत्र्याच्या) लेयरमधून काढा, फुगवट्यावर टोक घसरतं. फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट द्रव) राहिला असेल तर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, दिसत नाही पण टोकाखाली तो थर कनेक्शन अडवतो.

बर्ग_स्ट्रिप:
फ्लॅशिंगला पोगो ठीक, पण डिबगिंगला (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला) तासन्‌तास बसायचं असतं, तेव्हा कोण दाबून धरणार? कपड्यांच्या लाकडी चिमट्याच्या एका जबड्यात पिनांची पट्टी बसवा, दुसऱ्या जबड्याला रबर चिकटवा, बोर्डच्या कडेला लावून सोडून द्या. तुमचे पॅड कडेलाच आहेत, आत्ताच्या बोर्डांनाही चालेल. नवीन डिझाइनमध्ये जागा झाली तर हेडरची भोकं एक आड एक ०.१३ एमएम इकडे-तिकडे सरकवून बघा, साधी बर्ग स्ट्रिप (हेडरची पिनपट्टी) सोल्डर न करता घट्ट अडकते.

पीसीबीवाली:
आर७५ मागवलेत, ते येईपर्यंत चिमटा करून बघितला, अडकलेल्या पिना बदलून. ओळीने ११ बोर्ड फ्लॅश झाले, एकदाही तुटलं नाही! बाराव्यावर अडलं, वायरी २५ सेंटीमीटरच्या लांब आहेत म्हणून डोंगलचं क्लॉक (डेटा पाठवायचा वेग) ४ मेगाहर्ट्झवरून ४८० किलोहर्ट्झवर आणलं तर तोही चालला. पुढच्या खेपेला दोन भोकं टाकतेय, आज रात्रीच फाइल बदलते.